ठेकेदार कुठलाही असो, कागद मागा
(धारणी तालुक्यातल्या कार्यकर्ता शिबिरात संघटनेच्या वतीने केलेले भाषण. बोलले तसेच, थोडे नीट लावून देत आहोत. गावात वाचून दाखवावे.)



मागच्या महिन्यात आपल्या एका गावात दोन जीपगाड्या आल्या. माणसं उतरली, दुर्बिणीसारखं यंत्र तिकाटण्यावर ठेवलं, दगडांना चुना लावला, लाल झेंड्या रोवल्या. त्यांच्यात एक गोरा साहेब होता. ना पटेलाला विचारलं, ना भूमकाला, ना सरपंचाला. रस्त्याचं म्हणाले, कोणी धरणाचं म्हणाले, कोणी म्हणे परदेशातल्या बँकेच्या कर्जाचं काम आहे. गाड्या निघून गेल्यावर तिथली एक म्हातारी माय आम्हाला म्हणाली, "बापू, आमाले जंगलातून काडी आनाची तं नाकेदार पास मांगते. याले काई परवाना लागते का नाई?"

आजचं भाषण म्हणजे त्या मायच्या प्रश्नाचं उत्तर आहे. लागतो. एक नाही, अनेक लागतात. पण मागणारं कोणी नसलं की कागद साहेबाच्या पेटीतच राहतो.

आधी आपलीच एक गोष्ट सांगतो, कारण परदेशी ठेकेदार पुढची गोष्ट आहे आणि देशी ठेकेदारानेच आपल्याला पुरतं नागवलं आहे.

दोन वर्षांमागे दिवाळीनंतर आपल्या तीन गावांतली ३४ माणसं अकोला जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका पाटाच्या कामावर गेली. मुकादमाने घरटी उचल दिली. कामावर दर बाजारच्या दिवशी खर्ची मिळायची, मीठ-मिरची-जवारीपुरती. बाकीचा हिशेब होळीला, असं ठरलं. आपला माणूस कुठेही असो, होळीला घरी येतो, हे मुकादमालाही ठाऊक. होळी चार दिवसांवर आली आणि मुकादमाची जीप यायची थांबली. दोन दिवस वाट पाहिली. मग माणसं लेकरं खांद्यावर घेऊन पायी निघाली.

आम्ही त्यांना घेऊन कामगार कार्यालयात गेलो. तिथे विचारलं, "ठेकेदाराचं नाव काय?" कोणाला सांगता येईना. "परवाना क्रमांक?" परवाना असतो हेच माहीत नव्हतं. "मूळ काम कोणाचं?" सरकारचं, एवढंच. एक बाई म्हणाली, "सायेब, आमाले त्याचं नाव ठाव नाई. जीपचा रंग तेवढा ठाव हाये." कार्यालयातले दोघे हसले. आम्हाला हसू आलं नाही. दोन महिने माती उपसली आणि मालकाची ओळख काय, तर जीपचा रंग.

पुढे ठेकेदाराचं नाव सापडलं. त्याच्या रजिस्टरात मजूर किती? १८. आणि कायदा तेव्हा लागू व्हायचा २० पासून. म्हणजे ३४ मधली १६ माणसं कागदावर जन्मलीच नव्हती. त्या वेळी आपल्याला वाचवलं ते सातवीतल्या एका पोराच्या वहीने. पोरगा आईसोबत कामावर गेला होता. आईच्या दिवसांची बेरीज चुकू नये म्हणून त्याने वहीच्या मागच्या पानांवर सगळ्यांची नावं लिहून रोज खुणा केल्या होत्या. ३४ नावं, रोजच्या खुणा. ती वही टेबलावर ठेवली तेव्हा साहेबाने इंजिनिअरला बोलावणं पाठवलं. अर्धे पैसे चैत्रात मिळाले. बाकीचा दावा अजून चालू आहे. होळी गेली ती गेलीच.

आता थोडं मागे जाऊ. ही फसवणूक आजची नाही.

इंग्रजांनी मुंबईहून पुण्याकडे रेल्वे नेली, तेव्हा बोरघाटाचं काम फॅव्हिएल नावाच्या इंग्रज ठेकेदाराकडे होतं. त्याच्याखाली गोरे पोटठेकेदार, त्यांच्याखाली मुकादम, आणि तळाशी हजारो मजूर. मजुरी वरून निघायची आणि वाटेत मुरायची. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीसाठी मजूर चिडून उठले, दंगल झाली. त्यानंतर फॅव्हिएलने काम सोडलं. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा दुसरा ठेकेदार विलायतेहून आला, तो थोड्याच दिवसांत वारला. मग त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेल बाईने, ठेका आपल्या अंगावर घेऊन इंजिनिअरांकडून काम पुरं करून घेतलं. १८६३ मध्ये घाट सुरू झाला. त्या घाटात रोगराईने आणि अपघाताने हजारो मजूर मेले. बाईचं नाव पुस्तकात आहे. मजुरांची नावं लिहायला सातवीतलं पोरगं तिथे नव्हतं.

त्या दंगलीनंतर सरकारने १८६० मध्ये कायदा केला. रेल्वे, कालवे अशा कामांवरच्या मजुरीच्या तंट्याचा निकाल मॅजिस्ट्रेटने झटपट द्यावा, असं त्यात होतं. पण कायदा दुधारी होता. काम अर्धवट सोडून जाणाऱ्या मजुराला तुरुंगात टाकायची तरतूदही त्यातच. हे लक्षात ठेवा. कायदा आपल्यासाठी येतो तेव्हा दुसऱ्या धारेकडेही पाहावं लागतं.

आपल्या वऱ्हाडातही परकी कंपनी आली होती. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही आपली शकुंतला गाडी. वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने हा छोटा रूळ टाकला. देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण हा रूळ कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाडी चालवायची सरकारी रेल्वे, रूळ कंपनीचा. एकदा करार झाला की तो माणसांपेक्षा जास्त जगतो. म्हणून करार व्हायच्या आधी विचारायचं असतं. नंतर विचारलं तर फाईल दाखवतात.

आता मायच्या प्रश्नाकडे येऊ. गोऱ्या साहेबाच्या कंपनीला कोणकोणते कागद लागतात?

पहिला कागद रिझर्व्ह बँकेचा. परदेशी कंपनीला इथे कचेरी उघडायची तर २००० पर्यंत १९७३ च्या परकीय चलन कायद्याखाली, ज्याला फेरा म्हणत, रिझर्व्ह बँकेची परवानगी लागायची. एखाद्या कामापुरतीच कचेरी असेल तर काम संपलं की कचेरी संपते. यातून आपण काय शिकायचं? आपलं देणं असेल तर ते काम चालू असतानाच मागायचं. तंबू उठल्यावर कोणाच्या दारात बसणार? त्याचं दार सात समुद्रांपार आहे.

दुसरा कागद कंपनी निबंधकाचा. कंपनी कायद्याप्रमाणे परदेशी कंपनीने इथे धंद्याची जागा केली की ३० दिवसांच्या आत निबंधकाकडे कागद द्यायचे. कंपनीची घटना, मूळ कचेरीचा पत्ता, संचालकांची यादी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भारतात राहणाऱ्या एका माणसाचं नाव आणि पत्ता, जो कंपनीच्या वतीने नोटीस घेईल. म्हणजे "आमचा मालक परदेशात आहे, आम्हाला काय विचारता" हे उत्तर कायद्यात बसत नाही. नोटीस घेणारा माणूस इथेच असावा लागतो आणि त्याचं नाव सरकारदरबारी लिहिलेलं असावं लागतं.

याच कायद्यात एक बारीक कलम आहे, ते आपल्या फार कामाचं. परदेशी कंपनीने जिथे जिथे धंदा चालवते त्या प्रत्येक जागेबाहेर पाटी लावायची. पाटीवर कंपनीचं नाव आणि ती कोणत्या देशात नोंदली ते लिहायचं. इंग्रजीत तर लिहायचंच, शिवाय त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या अक्षरांत लिहायचं. आपल्याकडे म्हणजे बाळबोध अक्षरांत, आपल्या शाळेतल्या पोरांना वाचता येईल असं. म्हणून उद्या तंबू पडला की पहिला प्रश्न हा विचारा, पाटी कुठे आहे?

आणखी एक. नोंद न करता कंपनीने धंदा केला, तर तिला स्वतःला कोर्टात दावा लावता येत नाही, पण तिच्यावर दावा लावता येतो. "नोंदच नाही तर तक्रार कशी घेऊ" असं कोणी म्हणालं तर हे सांगा.

मात्र परदेशी कंपनी नेहमी परदेशी नावाने येईलच असं नाही. कोकणात गुहागर तालुक्यात विजेचा मोठा प्रकल्प आला. त्यामागे एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या तीन अमेरिकन कंपन्या. पण कागदावरची कंपनी कोणती? दाभोळ पॉवर कंपनी, भारतातच नोंदलेली. नाव आपल्या गावाचं, पैसा आणि हुकूम बाहेरचा. तिथल्या लोकांनी विरोध केला तेव्हा त्यांच्यावर लाठ्या पडल्या, खटले झाले, हे तुम्ही ऐकलं आहे. म्हणून पाटी वाचली की तेवढ्यावर थांबू नका. पाटीमागे कोण आहे तेही विचारा.

हे झाले दूरचे कागद. ते मुंबई-दिल्लीत राहतात. आता जे कागद कामाच्या जागेवर असायलाच पाहिजेत ते पाहू. ते परदेशी ठेकेदाराला लागतात आणि आपल्या बाजारपेठेतल्या ठेकेदारालाही तेवढेच लागतात.

१९७० चा कंत्राटी कामगार कायदा, तो २०२५ पर्यंत होता. मूळ कायद्यात २० किंवा जास्त मजूर लावणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागायचा. आणि ज्याचं काम आहे, म्हणजे मूळ मालक, त्याचीही नोंदणी लागायची. सरकारी काम असेल तर त्या खात्याचा अधिकारी मूळ मालकाच्या जागी येतो. मजुरी वाटताना मूळ मालकाचा माणूस समोर हजर लागायचा. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने द्यायची आणि नंतर ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायची. पाटाच्या कामावरचे अर्धे पैसे आपल्याला या कलमाने मिळाले, दयेने नाही. शिवाय जागेवर पाटी लागायची, तीवर मजुरीचा दर, कामाचे तास, पगाराचा दिवस, निरीक्षकाचं नाव-पत्ता. प्यायचं पाणी पाहिजे, संडास पाहिजे, औषधाची पेटी पाहिजे.

१९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा, तोही २०२५ पर्यंत होता. हा आपल्यासाठी फार जवळचा. धारणीहून बऱ्हाणपूर-खंडवा जवळ, अमरावती लांब. तापी ओलांडून कामाला गेलो की आपण दुसऱ्या राज्यात गेलो. ठेकेदाराने परराज्यातले ५ मजूर जरी लावले तरी हा कायदा लागायचा. जिथून माणसं नेली तिथला परवाना आणि जिथे कामाला लावली तिथला परवाना, दोन्ही लागायचे. प्रत्येकाला फोटो लावलेलं पासबुक लागायचं. गाव सोडल्याचा भत्ता, जाण्यायेण्याचं भाडं, राहायला जागा, औषधपाणी, सगळं त्याच्याकडे असायचं. आमच्या शिबिरात आज शंभरावर माणसं बसली आहेत. ज्यांनी ज्यांनी निमाडात काम केलं त्यांनी हात वर करा, असं विचारलं तर निम्मे हात वर गेले. पासबुक कोणी पाहिलं, असं विचारलं तर एकही हात वर गेला नाही. यापेक्षा वेगळा पुरावा काय द्यायचा?

तिसरा, १९९६ चा बांधकाम मजुरांचा कायदा, तोही २०२५ पर्यंत होता. यात १० मजुरांपासूनच नोंदणी होती. म्हणजे १८ लिहून सुटणारा ठेकेदार इथे सुटत नव्हता. त्याची यंत्रणा उभी करून घेणं हेही आपलंच काम होतं.

कोणी म्हणेल, परवान्याने पोट भरतं का? नाही भरत. पण १९८२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आठवा. दिल्लीत एशियाडची मैदानं बांधली जात होती. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसातून मजूर आणले होते. रोजी ९ रुपये २५ पैसे ठरलेली, त्यातला एक रुपया जमादार कापून घ्यायचा. कोर्टाने सांगितलं की ठरलेल्या किमान मजुरीपेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही वेठबिगारीच आहे. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठ बंद आहे, मग मारून घेतलेली असो की भुकेपोटी पत्करलेली असो. आणि सरकारने हेही म्हणायचं नाही की मजूर ठेकेदाराचे, आमचे नाहीत. किमान मजुरी कमी मिळाली तर २०२५ पर्यंत सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागायचा. सहा महिने म्हणजे होळी ते पोळा-दसरा, एवढंच समजा. "पाहू, पुढच्या साली येईन तेव्हा देईन" यात आपले सहा महिने जायचे.

आता जमिनीचं. ही आपल्या संघटनेची मूळ गोष्ट.

ठेकेदाराकडे दहा परवाने असले तरी त्यातला एकही परवाना त्याला तुमच्या वावरात पाय ठेवायचा हक्क देत नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही, गहाण किंवा पट्ट्यानेही देता येत नाही, जिल्हाधिकाऱ्याच्या आधीच्या मंजुरीशिवाय. जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ. विक्री असेल तर वर सरकारचीही संमती लागते. "पाच पोते गहू घे आणि दोन वर्षं तंबू ठोकू दे" हा तोंडी सौदा यात बसत नाही. तंबूच्या मागोमाग डांबराची भट्टी येते, गिट्टीची मशीन येते, आणि दोन वर्षांनी वावरात माती नाही, खडी उरते. नाल्यातला मुरूम आणि रेतीही फुकट नाही. त्यालाही महसूल खात्याची परवानगी आणि रॉयल्टी लागते. वनजमीन असेल तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याने केंद्र सरकारची आधी मंजुरी लागते. वर्षानुवर्षं आपण कसलेल्या तुकड्याला वनखातं अतिक्रमण म्हणतं. मग त्याच तुकड्यावर ठेकेदाराची भट्टी लागली तर तिला काय म्हणायचं, हे लेखी विचारा.

धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे इथे प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते. मुरूम-गिट्टीसारख्या गौण खनिजाचा पट्टा द्यायच्या आधीही शिफारस लागते. आंध्रातल्या समता प्रकरणात १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अनुसूचित क्षेत्रात खाजगी कंपनी ही बिगर-आदिवासीच समजायची. निकाल तिथल्या कायद्यावरचा आहे, पण तो मुद्दा आपण इथे मांडू शकतो. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या आपल्या भावांच्या गावांना पेसाचा आधार नाही, कारण ती गावं अनुसूचित क्षेत्रात नाहीत. पण ३६-अ त्यांनाही आहे. हा फरक सगळ्यांनी समजून घ्या, नाहीतर तहसीलदारासमोर आपणच चुकीचं कलम बोलू.

आणि रोजगार हमीच्या कामावर तर ठेकेदारच चालत नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा कायदा १९७७ चा. काम खात्याने स्वतः करायचं, मजुरी थेट मजुराला. तिथे मुकादमाच्या नावाने जीप फिरताना दिसली तर परवाना विचारू नका. सरळ तक्रार करा.

दोन गोष्टी सांगून थांबतो.

पहिली. परवाना म्हणजे भला माणूस, असं नाही. आमच्या १६ माणसांना गायब करणाऱ्या ठेकेदाराकडेही कागद होते. कागद म्हणजे फक्त त्याला धरायची शेपटी. शेपटी हातात असली तर ओढता येते, एवढंच.

दुसरी. परका ठेकेदार म्हणजे परका मजूर नव्हे. उद्या मोठं काम आलं तर त्याच्यासोबत ओडिशा, बिहार, छत्तीसगडचे मजूर येतील. पोट्टे म्हणतील, हाकला यांना, आमचं काम खाते. जरा थांबा. बऱ्हाणपुरात आपणही परकेच असतो. तिथे रात्री आपल्यालाही कोणी "कहाँ के हो" विचारून दमात घेतलेलं आहे. त्यांचंही नाव आपल्याच वहीत लिहा. त्यांच्याही होळ्या बुडतात.

तर आजच्या शिबिरात ठरलं ते असं. प्रत्येक गावात एक वही. गावातून कोणी कामाला निघालं की वहीत लिहायचं, कोणासोबत गेले, गाडीचा नंबर, मुकादमाचं नाव-गाव, काम कोणत्या खात्याचं, रोजी किती ठरली, उचल किती घेतली. कामावर रोज हजेरी आपली आपण मांडायची. वही शिकलेल्या पोरीकडे किंवा पोराकडे ठेवायची, पटेलाच्या पेटीत नाही. गावात कोणी यंत्र घेऊन आला तर चारचौघांनी मिळून, शांतपणे, पाच प्रश्न विचारायचे. तू कोण? काम कोणाचं? परवाना कुठे आहे? ग्रामसभेला कधी विचारलं? आमच्या मजुरीला आणि जमिनीला जबाबदार कोण, त्याचं नाव लिहून दे. उत्तर दिलं तर वहीत लिहा. नाही दिलं तर तेही लिहा, तारखेसह.

त्या म्हातारीला आम्ही हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे पास त्यालेई लागते. मंग नाकेदार त्याले काऊन नाई अडवत?"

याचं उत्तर कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नाही. ते आपल्यालाच द्यावं लागेल. झेंड्या रोवलेल्या गावात येत्या अमावास्येला ग्रामसभा आहे. तिन्ही खेड्यांनी यावं. वह्या सोबत आणाव्यात.

जोहार.